उकळत्या तळ्याच्या अलीकडे

हिल्डा तुस्कानोला रस्त्याने चालताना पाहिलं की वाटतं, हिची ट्रेन सुटायला आली आहे. सिडनीच्या पेंडल हिल स्टेशनसमोरच्या इंडियन दुकानांतून ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघते आणि तिच्या पुढे चालणारी तरणी मुलंसुद्धा आपोआप बाजूला होतात. ती माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये एक लाकडी कुंपण आहे. त्याची एक फळी निखळलेली आहे आणि ती आम्ही दोघींनी कधी दुरुस्त करू दिली नाही.

ती मूळची वसईची, निर्मळ गावची. माहेरी केळीची वाडी होती. लग्न होऊन ती जेम्सबरोबर इथे आली, तेव्हा रिकी कडेवर होता. जेम्स लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आणि हिल्डा एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. रिकी मोठा झाला, त्याने सॅन्ड्राशी लग्न केलं आणि मेलबर्नला टार्निटमध्ये नवं घर घेतलं. त्याच सुमारास डॉक्टरांनी हिल्डाला सांगितलं की शुगर काठावर आहे, चालायला लागा. बाकीच्या बायका संध्याकाळी पार्कला एक चक्कर मारतात. हिल्डा एका बुशवॉकिंग क्लबात गेली आणि दर शनिवारी ब्लू माउंटन्सच्या दऱ्यांत उतरू लागली.

जेम्सला डोंगरांचं काही वेड नव्हतं. तो तिच्यामागून चालायचा, पाणी आणि सँडविच सांभाळत. मी एकदा त्याला विचारलं, कंटाळा नाही येत? तो म्हणाला, ती पुढे चालली की मला रस्ता शोधावा लागत नाही.

मग २०१९च्या डिसेंबरात वणव्याने ब्लू माउंटन्स पेटले. पायवाटा बंद झाल्या. सूर्य दुपारी तांबडा दिसायचा आणि दोरीवरचे कपडे धुतल्यापेक्षा जास्त मळून घरात यायचे. क्लबचे लोक नुसते घराघरांत बसून होते. त्यांच्यातली एक म्हातारी बाई, वेरोना, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर वाढलेली. ती त्या महिन्यांत सगळ्यांना आपल्या बेटाच्या गोष्टी सांगायची. अख्खं बेटच ज्वालामुखीचं. रस्त्याकडेच्या गटारातून वाफ येते. डोंगरात, जंगलाच्या पार आत, एक तळं आहे आणि त्यातलं पाणी रात्रंदिवस उकळत असतं. हिल्डाने ते ऐकलं आणि तिला दुसरं काही सुचेना. तिने क्लिनिकमधून रजा मागून घेतली. जेम्स म्हणाला, इथे काय आग कमी आहे म्हणून तिथली बघायला जायचं? पण तिकिटं त्यानेच काढली.

त्या बेटाचं नाव मी लिहीत नाही. हिल्डानेच तसं सांगितलं आहे. का, ते पुढे कळेल.

मार्च २०२०च्या सुरुवातीला मी त्यांना एअरपोर्टला सोडलं. येताना टॉयलेट पेपरसाठी तीन दुकानं फिरले, तिन्हीकडे रॅक रिकामे. जाताना गाडीत मी विचारलं होतं, आत्ता जायलाच हवं का. तेव्हा तो आजार टीव्हीवर होता, चीनमध्ये, इटलीत. हिल्डा म्हणाली, आम्ही जंगलात चाललोय चारुता, तिथे माणसं कुठून येणार? जेम्स मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होता.

वाटेत मायामीला एक मुक्काम होता. हॉटेल क्रूझच्या प्रवाशांनी भरलेलं होतं. नाश्त्याच्या वेळी एक गोरा म्हातारा जेम्सच्या शेजारी बसून खोकत होता आणि प्रत्येक खोकल्यानंतर सॉरी म्हणत होता. हिल्डाला हे नंतर आठवलं. तेव्हा तिने त्याला आपल्याजवळची खोकल्याची गोळी दिली होती.

बेट वेरोनाने सांगितलं होतं तसंच होतं, फक्त जास्त शांत. मिस युनिस नावाच्या विधवा बाईचं छोटं गेस्ट हाउस डोंगराच्या उतारावर होतं. खाली काळ्या वाळूचा किनारा, वर इतकं दाट रान की भर दुपारी त्याच्यात अंधार दिसायचा. पहिले दिवस चांगले गेले. समुद्रात पोहताना तळातून बुडबुडे वर यायचे, कोमट, पोटाला गुदगुल्या करणारे. जेम्स गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून हसत होता, तो फोटो हिल्डाने मला पाठवला.

पण एक मोठं क्रूझ जहाज बंदराबाहेर येऊन उभं होतं आणि त्याला आत घेत नव्हते. ते सकाळी एका बाजूला दिसायचं, संध्याकाळी दुसऱ्या. मिस युनिसने व्हरांड्यात पाण्याची बादली आणि साबण ठेवला. आल्यावर हात धुतल्याशिवाय ती कुणाला आत येऊ देईना. तिचा रेडिओ दिवसभर चालू असायचा आणि जेवताना ती तो बंद करायची नाही. रेडिओवर बेटांची नावं एकेक करून यायची. इथे एक पेशंट, तिथे दोन. आपल्या बेटाचं नाव आलं नाही की ती छातीवर क्रूसाची खूण करायची. गेस्ट हाउसमधलं दुसरं जोडपं एका सकाळी न सांगताच निघून गेलं.

तळ्यावर न्यायला गाइड होता ऑल्विन. चाळिशीचा, बारीक, फार न बोलणारा. निघण्याआधी त्याने दोघांना समोर बसवून एकच गोष्ट नीट समजावली. वर एक दरी लागते, तिथे झाड उगवत नाही, जमिनीतून वाफा येतात. तिथे सडक्या अंड्यांसारखा वास येईल, डोकं दुखेल इतका. तो येतोय तोपर्यंत घाबरायचं कारण नाही. पण तो यायचा थांबला, तर समजायचं की गॅस इतका वाढलाय की नाक मेलंय. मग एक शब्द न बोलता मागे फिरायचं. त्याच्या आजोबांच्या वेळेस दोन माणसं तिथे बसल्या जागी गेली होती. त्यांचे चेहरे झोपल्यासारखे होते, असं तो म्हणाला.

ते पहाटेच निघाले. सगळ्या वाटेवर चिखल आणि मुळं. एक ओढा पार केला, मग अशी चढण लागली की हातांनी धरून चढावं लागत होतं. हिल्डा पुढे, ऑल्विनच्या मागोमाग. जेम्स वरचेवर थांबत होता. हिल्डाला वाटलं, वय झालं, दमट हवा आहे. एकदा तो खोकला. तिने मागे वळून बघितलं, त्याने हाताने पुढे चल म्हणून खूण केली.

हिल्डा म्हणते, कड्यावरून दरी दिसली तेव्हा तिला आनंद झालाच नाही. पिवळी, करडी, भाजल्यासारखी जमीन. तिच्यातून ठिकठिकाणी वाफ फुसफुसत होती. ओढ्यातलं पाणी दुधासारखं पांढरं होतं, मधूनच शाईसारखं काळं. खाली उतरल्यावर पायाखाली काहीतरी गुरगुरत होतं. तो आवाज कानांना कमी आणि टाचांना जास्त कळत होता. एकही पक्षी नव्हता. आणि वास असा की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ओढणीसारखा स्कार्फ नाकाला लावला. ऑल्विननेसुद्धा तोंड फिरवलं.

"एवढं काय झालं?" जेम्स म्हणाला. "कसला वास?"

हिल्डाला वाटलं तो मस्करी करतोय. ती म्हणाली, अरे, नाक फाटतंय इथे. जेम्सने दीर्घ श्वास घेतला, दोनदा. मला काहीच येत नाही, तो म्हणाला.

ऑल्विन थांबला. त्याने जेम्सकडे बघितलं, मग हिल्डाकडे. तिला विचारलं, तुला येतोय? ती हो म्हणाली. त्याने स्वतः हुंगून पाहिलं. हे त्याच्या हिशोबात बसत नव्हतं. गॅस वाढला असता तर तिघांचीही नाकं मेली असती. पण तो जास्त विचार करायला थांबला नाही. त्याने जेम्सचा दंड धरला आणि त्याला आल्या वाटेने वर ढकलू लागला. जेम्स चिडला. इतक्या लांब आलो, पलीकडच्या टेकाडाआड तळं आहे, वाफेचा ढग दिसतोय, आणि हा माणूस परत चल म्हणतो. त्याने हिल्डाला सांगितलं, तू जाऊन ये, मी इथे बसतो. ऑल्विन म्हणाला, कोणी बसणार नाही. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की दोघंही निमूटपणे वळली.

कड्यावर पोचल्यावर हिल्डाने एकदाच मागे पाहिलं. टेकाडाआडून पांढरा ढग वर येत होता, फुटत होता, पुन्हा येत होता. तिने तळ्याचं एवढंच पाहिलं.

परत आल्यावर मिस युनिसने मासे तळले होते. जेम्सला त्यांचा वास येईना आणि चवही लागेना. हिल्डाने बॅगेतून विक्स काढून त्याच्या नाकाशी धरलं, त्याने मान हलवली. ऑल्विन दुसऱ्या दिवशी विचारपूस करायला आला. व्हरांड्यात बसून चहा प्यायला आणि म्हणाला, गॅसने असं होतं कधी कधी, दोन-चार दिवसांत नाक परत येईल. सगळ्यांना ते पटलं.

त्याच आठवड्यात सगळं एकदम आवळत गेलं. ऑस्ट्रेलियाने आपल्या लोकांना घरी या म्हणून सांगितलं. एअरलाइनचे मेसेज येऊ लागले, रद्द, रद्द. रिकी मेलबर्नहून दिवसातून चारदा फोन करत होता. शेवटी त्यानेच रात्रभर बसून दोन सीट मिळवल्या. बेटावरून शेजारच्या मोठ्या बेटावर जाणारं छोटं विमान, तिथून लंडन, मग सिडनी. त्यानंतर बेटाचं विमानतळ बंद होणार होतं. मम, प्लीज, डोन्ट मिस इट, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

निघायच्या आदल्या दुपारी हिल्डा व्हरांड्यात फोनवर बातम्या वाचत बसली होती. इंग्लंडमधल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी काहीतरी म्हटलं होतं. ताप नाही, फार खोकला नाही, पण अचानक वास जातो, असे पेशंट त्यांच्याकडे येत होते. तिने ते दोनदा वाचलं. मग ती आत गेली. जेम्स पलंगावर पडला होता. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गरम नव्हतं. मग तिला टेबलावरचं पॅरासिटामोलचं पाकीट दिसलं. ते जवळजवळ संपलं होतं.

तिने त्याला बातमी वाचून दाखवली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, तो गॅस होता, ऑल्विन स्वतः म्हणाला. आणि नसला, तरी सिडनीला पोचेपर्यंत काही बोलायचं नाही. तिथे चांगली हॉस्पिटलं आहेत. इथे काय आहे?

तो चूक नव्हता. बेटावर एकच छोटं हॉस्पिटल होतं. हिल्डाने बॅगा भरल्या. मिस युनिसने निरोप देताना तिला मिठी मारली, आणि हिल्डा सांगते, मला तिला दूर ढकलायचं होतं आणि ते जमलं नाही.

एअरपोर्ट म्हणजे एक लांबट शेड. दाराशी टेबल मांडून एक नर्स बसली होती. ती प्रत्येकाच्या कपाळाशी थर्मामीटर धरत होती आणि तेच प्रश्न विचारत होती. ताप? खोकला? आजारी माणसाशी संबंध? बाहेर पंख्यांचं छोटं विमान उभं होतं, बसएवढं. रांगेत सगळे खेटून उभे होते. जेम्सच्या मागे एक खूप म्हातारी बाई व्हीलचेअरवर होती आणि तिची मुलगी तिला वारा घालत होती. जेम्सने खोकला दाबला. त्याचे खांदे हलले. म्हातारीने वर बघून त्याला विचारलं, बरा आहेस ना बाळा?

नर्सने जेम्सचा ताप बघितला. नव्हता. तिने विचारलं, काही त्रास? जेम्स नाही म्हणाला. नर्सने पुढे जा म्हणून हात केला.

"माझ्या नवऱ्याला वास येत नाही," हिल्डा म्हणाली.

नर्सला कळेना. हे तिच्या प्रश्नांत नव्हतं. हिल्डाने पुन्हा सांगितलं, मोठ्याने, आणि वाचलेली बातमी सांगितली, आणि गोळ्यांचं पाकीटही. रांग एकदम मागे सरली. व्हीलचेअर ओढताना तिचं चाक कशाला तरी अडकलं आणि ती मुलगी रडायला लागली. जेम्स सरळ समोर बघत उभा होता. त्याने हिल्डाकडे पाहिलं नाही. डॉक्टर येईपर्यंत त्या दोघांना शेडबाहेर उन्हात दोन खुर्च्यांवर बसवलं. तिथूनच त्यांनी विमान जाताना पाहिलं.

बेटावरचा पहिला पेशंट म्हणजे जेम्स. एवढ्याशा जागेत ते कुणी विसरत नाही, म्हणूनच इथे बेटाचं नाव नाही. ऑल्विनला आणि मिस युनिसला घरात बंद केलं. मिस युनिसच्या दारावर कुणीतरी रात्री दगड मारले. दोघंही पुढे बरी राहिली, तिला थोडा ताप आला तेवढाच. हिल्डालाही लागण निघाली. तिला नुसती सर्दी झाली.

जेम्स आधी ठीक होता. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला त्याची खोली होती आणि हिल्डाला शेजारच्या खोलीत ठेवलं होतं. मधे काच होती, वर थोडी फट. सुरुवातीला तो तिच्याकडे पाठ करून झोपायचा. मग त्याचा श्वास लहान होऊ लागला. ऑक्सिजनची नळी आली. बाहेरून रोज दुपारी माणसांचे आवाज यायचे, गेटपाशी उभं राहून काहीतरी ओरडणाऱ्या माणसांचे, आणि नर्स जाऊन खिडकी लावून घ्यायची.

एका सकाळी त्याने कूस बदलली आणि तिला काचेजवळ बोलावलं.

"तू बोललीस ते बरोबर होतं," तो म्हणाला. "पण मला विचारून बोलायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"हो," जेम्स म्हणाला. जरा वेळ तो नुसता श्वास घेत राहिला. "म्हणालो असतो."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. बेटावरच्या कॅथलिक दफनभूमीत त्याला पुरलं. फादर लांबून प्रार्थना म्हणत होते आणि पुरणारे पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात होते. हिल्डाला फाटकाबाहेर उभं केलं होतं. तिला मातीसुद्धा टाकता आली नाही. ऑल्विन रस्त्याच्या पलीकडे टोपी काढून उभा होता. त्याने जवळ यायचा प्रयत्न केला नाही.

त्या दिवशी तिने मला फोन केला. सिडनीत रस्ते ओस होते. ती रडली नाही. घरच्या कढीपत्त्याला पाणी घालतेस का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाली, रिकी विचारत होता, व्हाय डिड यू टेल देम, मम? मी विचारलं, तू काय सांगितलंस? ती म्हणाली, मागे एक म्हातारी होती, असं सांगितलं. तर तो म्हणाला, तिला तू ओळखत होतीस का? आणि त्याने फोन ठेवला.

मिस युनिसने हिल्डाला परत आपल्या घरी नेलं. दगड पडले होते तरी नेलं. जुलैत कुठल्याशा खास विमानाने ती सिडनीला पोचली आणि शहरातल्या एका हॉटेलात तिला क्वारंटाइनमध्ये टाकलं. दाराबाहेर सैनिक, खिडकी न उघडणारी. तिथे चालायला जागा नव्हती, तर ती पलंगाभोवती चालायची. त्याच आठवड्यात मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाची सीमा बंद झाली. टार्निटमधून रिकीला येणं शक्य नव्हतं. नोव्हेंबरात रस्ता उघडला, तेव्हाही तो आला नाही. सॅन्ड्रा चोरून फोन करायची, म्हणायची, मम्मी, त्याला थोडा वेळ द्या.

त्या दीड वर्षात हिल्डा काय करायची, ते मला कुंपणाच्या फटीतून दिसायचं. ती चालायची. लॉकडाउनमध्ये दूर जायची बंदी होती, तर त्याच चार गल्ल्या, पुन्हा पुन्हा. वेरोनाने एकदा फोन करून विचारलं होतं, तळं पाहिलंस का. हिल्डाने तिला खोटंच हो सांगितलं. लोक तिला सांगायचे, तू किती जीव वाचवलेस. ती ऐकून घ्यायची. मला एकदा म्हणाली, "ते जीव मला दिसत नाहीत गं. जेम्स दिसतो, खुर्चीवर बसलेला, उन्हात."

तो विमानात बसला असता तर वाचला असता का, हे कुणालाच माहीत नाही. लंडनपर्यंत तरी टिकला असता का, हेही नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जणू समजूत मलाच हवी होती.

मधे परत बंद झालेली सीमा २०२१च्या नोव्हेंबरात उघडली आणि एका दुपारी रिकीची गाडी येऊन उभी राहिली. तो टार्निटहून एका दमात आला होता. वाढलेली दाढी, सुकलेला चेहरा. मी अंगणात होते. त्याने मला हॅलो केलं आणि फाटकातच थांबला. हिल्डा दार उघडून बाहेर आली. मग ती म्हणाली, जेवला नसशील.

आत काय बोलणं झालं ते तिने मला नंतर सांगितलं. त्याने सगळं पहिल्यापासून ऐकलं, मायामीच्या नाश्त्यापासून. मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला, "मम, आय वुड हॅव केप्ट क्वायट. आजही मी गप्पच बसलो असतो."

"माहितेय," हिल्डा म्हणाली.

"आय ॲम नॉट सॉरी अबाउट दॅट."

"नको होऊस."

तेवढ्यावर ते थांबलं. मी संध्याकाळच्या सुमारास त्यांच्यासाठी पुलाव घेऊन गेले, तर दार उघडंच होतं. रिकी सोफ्यावर झोपला होता, बुटांसकट, तोंड उघडं. समोरच्या खुर्चीवर हिल्डा बसली होती. मी काही बोलणार तोच तिने हात वर करून मला दारातच थांबवलं. ती त्याच्या छातीकडे बघत होती. छाती वर जात होती, खाली येत होती. मधेच झोपेत त्याला ठसका लागला आणि श्वास क्षणभर अडकला, प्रवासात घसा सुकलेल्या माणसाचा अडकतो तसा. हिल्डा अर्धवट उठली. श्वास पुन्हा सुरू झाला, तरी ती तशीच, खुर्चीचे हात धरून, वाकलेली राहिली. मी पुलावाचं भांडं दाराशी ठेवलं आणि आवाज न करता परत आले.